ई-मेलचाही सेवनकाल

दुसरबीड येथे (ता. सिंदखेडराजा) खरिपाच्या पेरणीच्या दिवसांत रुग्ण सायंकाळनंतरच येतात, दुपारी वाचनास सवड असते. परंतु निरनिराळ्या संस्थांचे ई-मेल येतात ते महिनाअखेरीस, गठ्ठ्याने आणि सर्वांना सारखेच. जो पंचकर्म करीत नाही त्यास पंचकर्म शिबिराचे निमंत्रण, बालरोगात रस असणाऱ्यास क्षारसूत्राची माहिती. गतवर्षी वर्षाऋतुचर्येवरील एक उत्तम टिपण आमच्या हाती पडले तेव्हा बस्तीचा काल सरून विरेचनाचा आला होता.

वाग्भटाचार्यांनी औषधसेवनाचे दहा काल सांगितले, हे वैद्यबंधूंस सांगावयास नको. औषध तेच, पण काल चुकला की गुण उणावतो. माहितीस हा न्याय लावणारे लोक आपल्याच राज्यात आहेत. मुंबईत २०१४ साली सुरू झालेली 'अरमान' संस्थेची 'एममित्र' सेवा गर्भिणीच्या आठवड्यानुसार ध्वनिसंदेश पाठवी, आणि दूरध्वनी केव्हा यावा ही वेळ ती स्त्री स्वतः निवडी. केंद्र शासनाची 'किलकारी' योजना २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. तिचे ७२ साप्ताहिक संदेश चौथ्या महिन्यापासून बालक वर्षाचे होईपर्यंत चालतात. मासानुमासिक परिचर्येचेच हे आधुनिक रूप नव्हे काय?

ई-मेलमध्येही हे सहज साध्य आहे. मात्र कोणी कोणते पत्र उघडले यावरून यंत्राने परस्पर आवड ठरवावी, हे आम्हांस मान्य नाही. पत्रात दडविलेल्या सूक्ष्म चित्रावरून ही नोंद होते. २०२१ पासून अॅपलच्या मेलमध्ये अशी चित्रे वाचकाने पत्र न उघडताही आपोआप उतरविण्याची सोय झाली, त्यामुळे ती नोंद भरवशाची राहिलेली नाही. शिवाय न उघडलेले पत्र नावडतेच असते असे थोडेच आहे? त्या दिवशी वीज गेलेली असेल, किंवा दारात रुग्णांची रांग असेल.

आणखी एक. औषधाच्या दुष्परिणामाची सूचना, विशेषतः रसकल्पांविषयीची, आवडीच्या चाळणीतून जाऊच नये. ज्याने असे विषय कधी उघडले नाहीत, त्याच वैद्याकडे तो कल्प घेणारा रुग्ण बसलेला असू शकतो. अशी सूचना सर्वांना, त्याच दिवशी, स्वतंत्र पत्राने गेली पाहिजे. उरलेले विषय व वेळ सभासदास विचारून ठरवावी आणि वर्षातून एकदा पुन्हा विचारावी. चिकित्सेचा कल बदलतो.

आमची निवड आताच कळवून ठेवतो : गर्भिणीपरिचर्या व बालरोग, दुपारी दोन ते चार. ऋतुचर्येचे टिपण मात्र ऋतुसंधीच्या आठवडाभर आधी यावे.