ग्रीस घरी आणणाऱ्याचं काम

(साप्ताहिक सदर : परीटघडी)

ऊसतोड सुरू झाली की या सदराकडे येणारे प्रश्न एकदम काळे होतात. पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात आंब्याचा चीक, आणि आमच्या अकोले तालुक्यातल्या अगस्ती साखर कारखान्याचा गळीत हंगाम लागला की ग्रीस. रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागते, कुणाचा हूक अडतो, कुणी ग्रीसगन घेऊन चाकाखाली शिरतो. संध्याकाळी अकोल्यात, कोतुळात, राजूरला कुठल्यातरी घरी एक शर्ट थेट धुण्याच्या बादलीत पडतो. तो असतो पुरुषाचा, आणि डाग कसा काढू असं विचारते घरातली बाई.

खरं तर शर्ट बादलीत पडला तिथेच निम्मा घोटाळा झालेला असतो. ग्रीस म्हणजे नुसतं घट्ट तेल नव्हे. वंगणतेलात एक प्रकारचा साबण मिसळून ते घट्ट केलेलं असतं. दुकानात मिळणाऱ्या मल्टिपर्पज ग्रीसमध्ये बहुतेक वेळा लिथियमचा साबण असतो, आणि तो करायला लागणारं आम्ल एरंडेलापासून काढतात. पूर्वी बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालत, आता तेच कारखान्यातून फिरून डब्यात येतं म्हणायचं. पण हा साबण अंगाला लावायच्या साबणासारखा पाण्यात विरघळत नाही. विरघळला असता तर भाताच्या चिखलणीत पॉवर टिलरचं बेअरिंग लगेच कोरडं पडलं असतं. पाण्याला दाद देऊ नये म्हणूनच जी वस्तू बनवली, ती रात्रभर पाण्यात भिजवून निघेल कशी?

म्हणून पहिलं काम कोरडं. चमच्याच्या पाठीने किंवा बोथट सुरीने वरचा थर खरवडून घ्यायचा. चोळायचं नाही, चोळलं की रुपयाएवढा डाग बशीएवढा होतो. मग शर्ट उलटा करायचा, डागाखाली जुन्या धोतराचा किंवा बनियनचा तुकडा दुमडून ठेवायचा आणि मागच्या बाजूने खोबरेल तेलाचा बोळा टिपत राहायचं. तेलाने ग्रीस सैल होतं आणि खालच्या फडक्यात उतरतं. फडकं काळं झालं की जागा बदलायची. गॅरेजमधली पोरं हात धुण्याआधी तेल चोळतात, त्यातलं शहाणपण हेच. रॉकेल याहून झपाट्याने काम करतं, पण ते अंगणात, चुलीपासून आणि विडीपासून लांब वापरावं, आणि रॉकेलचा वास असलेला कपडा वॉशिंग मशीनमध्ये कधीच टाकू नये. पेट्रोलचं नावच नको.

त्यानंतर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड जाड थापून तासभर ठेवायची. पूड तेल पिते. ती झटकली की भांडी घासायचा पातळ साबण, पाणी न घालता, थेट डागावर. जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने फिरवायचा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा. वडी नको; तिच्यातल्या पुडीने टेरिकॉटचा पोत पांढुरका पडतो. आता कुठे पाण्याची पाळी, तीही कापडाला सोसेल इतक्या कोमट पाण्याची.

एवढं करून करडी सावली राहते, तेव्हा बायका हताश होतात. ती बहुधा तेलाची नसते. लोखंडाची झीज आणि धूळ यांची ती पूड, धाग्यात अडकलेली. तिला कुठलंच तेल विरघळवत नाही. साबण लावून, खळबळून, पुन्हा साबण लावून ती थोडी थोडी सुटते. धोपटण्याने बडवलं तर आणखी आत जाते. सुती कापड तरी ऐकतं. पॉलिस्टरला तेलाची मुळातच ओढ, म्हणून टेरिकॉटचा शर्ट जास्त छळतो. आणि डाग पुरता गेल्याची खात्री उन्हात धरून केल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही, कारण उष्णतेने उरलेलं तेल धाग्यात पक्कं बसतं.

पाण्याचाही दोष असतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडून चिकट साका होतो आणि तोच कपड्यावर बसतो. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी सुरू केलेली निरमा गावोगाव पोचली ती स्वस्त म्हणून, हे खरंच; पण डिटर्जंट पावडर जड पाण्यातही साबणाइतकी अडत नाही, हेही तिच्या पथ्यावर पडलं. ग्रीसच्या कपड्याला म्हणून पावडरच बरी. रिठ्याचा मला आदर आहे, रेशमाला आणि सराफाच्या चांदीला त्याच्यासारखा दुसरा नाही. ट्रॉलीच्या ग्रीसपुढे मात्र त्याला उभं करू नये. मोबाइलवर लिंबू, व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फसफस दाखवणारे व्हिडिओ फिरतात. आंबट आणि सोडा एकमेकांना मारतात, फेस दिसतो, डाग तिथेच.

आता वादाचं बोलतो. वर सांगितलेल्या कामातला निर्णायक भाग पाण्याआधीचा आहे आणि ग्रीस ताजं असतानाचा आहे. म्हणजे तो धुणाऱ्या बाईच्या हातातच नाही. तिच्यापर्यंत शर्ट पोचतो तोवर दिवसभराचा घाम, धूळ आणि ऊन त्याच्यावर बसलेलं असतं, आणि मग ‘तुला साधा डाग काढता येत नाही’ हे वर. ज्याला बेअरिंगमध्ये ग्रीस किती भरायचं हे कळतं, त्याला ते शर्टावरून खरवडता येत नाही हे मला पटत नाही. ट्रॅक्टरच्या पेटीत पान्यांशेजारी खोबरेलाची लहान बाटली, खडूच्या पुडीची डबी आणि दोन चिंध्या सहज मावतात. खरवडणं, टिपणं, पूड थापणं त्याने तिथेच, बांधावर बसून करावं. घरी येईल तो शर्ट पूड लावलेला यावा आणि बादलीत न पडता वेगळा खुंटीला लागावा. पातळ साबण आणि टूथब्रश मोरीत आहेतच. तेवढं त्याने केलं, की पुढचं धुणं कुणी करायचं ते घराने ठरवावं.