पीए-१ च्या पोटातली मोटर

मॉडेल रेल्वेच्या छंदात एक सोयीस्कर खोटेपणा आहे, आणि या वीकेंडला त्याबद्दल लिहायचंय. खोटेपणा म्हणजे कोणी फसवतंय असं नाही हं. आपण सगळे मिळून, रोख पैसे मोजून, आनंदाने तो विकत घेतो. मीसुद्धा.

माझ्याकडे दोन इंजिनं आहेत, एचओ मापाची. एचओ म्हणजे १:८७. कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलं असेल तर तेच माप. दोन्ही अमेरिकेतली, दुसऱ्या महायुद्धानंतरची, प्रवासी गाड्या ओढणारी डिझेलं. एक जनरल मोटर्सचं ई७, दुसरं आल्को कंपनीचं पीए-१. दोन्ही सदर्न पॅसिफिकच्या ‘डेलाइट’ रंगात: लाल, केशरी, काळा. घरी येणारा प्रत्येक माणूस (बायकोच्या मैत्रिणींसकट) आधी पीए उचलतो. उचलणारच. लांब, सरळ, रुबाबदार नाक, त्यावर चौकटीत बसवलेला दिवा. ई७ त्याच्यापुढे जरा गोल, जरा गरीब वाटतं. पहिलं पीए तर आल्कोचं ७५,००० वं इंजिन म्हणून १९४६ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात मांडलं होतं. इंजिनाचं लग्न म्हणा ना!

आता दोन्ही मॉडेलांची वरची टोपणं काढा. आत काय? एक छोटी विजेची मोटर, दोन फ्लायव्हील, दोन्ही बाजूंच्या चाकांना जाणारे दांडे आणि एक सर्किट बोर्ड. दोघांतही तेच. टोपण बदललं की ई७ चं पीए होईल, असं म्हणायला हरकत नाही.

आणि मुद्दा इथेच आहे. कारण खऱ्या रुळांवर या दोघांत जो फरक होता, तो नाकात नव्हता, पोटात होता.

(मराठीत लोकोमोटिव्हही इंजिन आणि त्याच्या पोटातलं यंत्रही इंजिनच. घोळ नको म्हणून पोटातल्याला मी पुढे ‘मशीन’ म्हणतो.)

दोघांची ताकद सारखीच, २,००० अश्वशक्ती. पण ई७ मध्ये बारा सिलिंडरची दोन मशीनं होती, प्रत्येकी १,००० ची. रात्री दोन वाजता वाळवंटात एक बंद पडलं, तर दुसऱ्यावर रडतखडत का होईना, गाडी पुढच्या स्टेशनात पोचायची. पीए मध्ये सोळा सिलिंडरचं एकच मशीन, नाव २४४. ते थांबलं की ते इंजिन थांबलं. आपल्या भाषेत, एकाकडे बॅकअप सर्व्हर होता, दुसऱ्याकडे नव्हता. तरी चाललं असतं, जर तो एकुलता एक सर्व्हर दणकट असता. तो नव्हता. युद्धाच्या काळात सरकारी निर्बंधांमुळे आल्कोला लांब पल्ल्याच्या डिझेलांत जम बसवता आला नाही, जनरल मोटर्सला बसवता आला. युद्ध संपल्यावर ती पिछाडी भरून काढायची होती, म्हणून २४४ पुरेशी चाचणी न होताच बाजारात उतरवलं. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. क्रँकशाफ्ट तुटायचे, टर्बोचार्जर दगा द्यायचे. टेस्टिंग गिऱ्हाइकाच्या रुळांवर झालं. रिलीजची तारीख आधी ठरते आणि क्वालिटी नंतर, हे आपल्याच धंद्यात होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी आल्को वाचावं :)

अन्याय नको, म्हणून हेही सांगतो: पीए च्या चाकांवरच्या जनरल इलेक्ट्रिकच्या मोटारी फार मजबूत होत्या आणि घाटात ते चांगलं ओढायचं. पण १९५३ पर्यंत पीए आणि त्याचं बिनकॅबचं भावंड पीबी धरून २९७ नग झाले. एकट्या ई७ चे चार वर्षांत ५१० झाले होते. १९६९ साली आल्कोने इंजिनं बनवणं बंद केलं.

हे सगळं माझ्या टेबलावर कुठे दिसतं? कुठेच नाही. तिथे पीए कधीच बंद पडत नाही, उलट देखणं म्हणून गाडीच्या पुढे तेच लागतं. इतिहासात हरलेलं इंजिन टेबलावर रोज जिंकतं. मॉडेल बनवणाऱ्यांनी रिव्हेट मोजून बसवलेत, रंगाची छटा जुळवली, आणि ज्या एका गोष्टीने या इंजिनाचं नशीब ठरलं तीच गाळली.

यावर माझा एक मित्र म्हणतो, “अरे, आठवडाभर बग फिक्स करतोस ते पुरत नाही का? रविवारी तरी काहीतरी बंद न पडणारं चालव की!” मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण मग शोकेसमध्ये ठेवावं, चालवू नये. वेळापत्रक लावून, घड्याळ सहापट वेगाने पळवून गाड्या चालवायच्या, ऑपरेटिंग सेशन म्हणायचं, आणि त्यात यंत्राला मात्र स्वभावच द्यायचा नाही, हे मला पटत नाही. बिघाड हा त्या काळच्या रेल्वेचा भागच होता, डब्यांच्या रंगाइतकाच.

आणि २४४ चा बिघाड आपल्याला परका नाही. त्याच्या जागी आल्कोने १९५० च्या दशकात २५१ हे मशीन आणलं. ते बरंच नीट जमलं, पण अमेरिकेतली गिऱ्हाइकं तोवर बरीचशी दुसरीकडे गेली होती. भारताने मात्र ते उचललं. १९६२ पासून आलेलं आणि १९६४ पासून वाराणसीत बनलेलं आपलं डब्ल्यूडीएम-२ म्हणजे हेच सोळा सिलिंडरचं २५१, २,६०० अश्वशक्ती. स्टेशनातून निघताना काळ्या धुराचा लोट सोडणारं ते इंजिन तुम्ही कल्याणला, पुण्याला, नाहीतर कोकणात जाताना नक्की पाहिलंय. उरलेल्या पीए इंजिनांपैकी चारांनाही १९७४-७५ मध्ये २४४ काढून २५१ च बसवलं होतं. पुढे ती मेक्सिकोला गेली, २००० साली दोन अमेरिकेत परत आली. म्हणजे वाचली ती आपल्या डब्ल्यूडीएम-२ च्या घराण्यातलं मशीन पोटात घेऊन वाचली.

मी काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. पत्त्यांचा एक जोड ठेवलाय. पीए ची फेरी सुरू करताना एक पत्ता काढायचा. एक्का आला तर वाटेत मशीन बंद, मदतीला दुसरं इंजिन पाठवायचं, मागच्या मालगाड्या सायडिंगला. ई७ ला एक्का आला तर फक्त अर्धा वेग. शिवाय डिजिटल कंट्रोलमध्ये सीव्ही ३ नावाचं सेटिंग असतं, इंजिन किती सावकाश वेग घेईल ते ठरवणारं. पीए चं मी बरंच वाढवलंय. टर्बो फिरायला वेळ घेतो आणि डिझेल आधीच पोचलेलं असतं, म्हणून तर आल्को धूर ओकायचं. धूर काही मला जमत नाही, पण बटण दाबल्यावर ते लगेच हलत नाही एवढं तरी जमलंय. गेल्या रविवारी भाच्याला वाटलं, बिघडलं. मी म्हटलं, थांब जरा.