‘वय झालं’ हे आजाराचे नाव नाही

परवा आमच्या वस्तीत एका पोराचा एकविसावा वाढदिवस झाला. कोपऱ्यावर फ्लेक्स लागला, रात्री बारा वाजता केक कापला, फटाके वाजले. पोरांची हौस आहे, करू द्या. पण शेजारच्याच ओट्यावर त्या पोराची आजी गुडघे चोळत बसली होती. मी सहज विचारले, “मावशी, तुमचा वाढदिवस कधी असतो?”

ती हसली. “आमचा कशाचा आलाय वाढदिवस? बहात्तरच्या दुष्काळात मायसंगं खडीवर जात होते, कळशी घेऊन. तेवढं ध्यानात हाय.”

तिचे आधार कार्ड पाहिले. त्यावर जन्मतारीख १ जानेवारी १९७०. म्हणजे कार्डाच्या हिशेबाने त्या दुष्काळात ती दोन वर्षांची होती. दोन वर्षांचे लेकरू कळशी घेऊन खडीवर जाते का? तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची तरी असणार. म्हणजे जन्म १९६३-६४ चा. आज तिने साठी ओलांडलेली आहे आणि कार्ड म्हणते, अजून वेळ आहे.

मग मी तिला विचारले, दवाखान्यात दाखवले का? तर म्हणाली, “कशाला? आता वय झालं.”

एकाच बाईच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी आहेत. सरकारी कागदावर तिचे वय कमी आणि घरात तिचे वय जास्त. दोन्हीकडून नुकसान तिचेच. आजचे लिखाण याच्यासाठी आहे.

आधी कागदाचे बोलू. आपल्या मागच्या पिढीत ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले, त्यातल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. हा काही योगायोग नाही. जूनमध्ये शाळा भरायची, बाप पोराला घेऊन यायचा, गुरुजी पोराकडे बघून सहा वर्षे मागे मोजायचे आणि १ जून लिहून टाकायचे. ज्या बाया शाळेतच गेल्या नाहीत, त्यांना तेवढीही तारीख मिळाली नाही. त्यांचे वय कार्ड काढणाऱ्या पोराने तोंडाकडे बघून ठरवले.

आपल्या बायांकडे तारीख नसली तरी आठवण पक्की आहे. पोलीस ॲक्शन १९४८ साली. मोठा दुष्काळ १९७२ चा. नामांतराची दंगल १९७८ ची. तेव्हा रात्री कोण कुठे लपले, लेकरू कडेवर होते की पोटात, हे बाया आजही सांगतात. किल्लारीचा भूकंप १९९३, नामांतर १९९४. आईजवळ बसा आणि विचारा, “त्या वेळी तू केवढी होतीस? लग्न झालं होतं का? थोरला केवढा होता?” दहा मिनिटांत वर्ष-दोन वर्षांच्या फरकाने खरे वय निघते.

ते काढायचे कशाला? श्रावणबाळ योजनेचे पैसे ६५ वर्षांनंतर मिळतात, सध्या महिना १५०० रुपये. दारिद्र्यरेषेखालचे कार्ड किंवा २१ हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. वर सांगितलेल्या मावशीचे वय कार्डावर सहा वर्षे कमी पडले, तर बुडालेले पैसे होतात एक लाख आठ हजार. शाळेचा दाखला नसला म्हणून घरी बसू नका. या योजनेसाठी शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाने दिलेला वयाचा दाखलाही चालतो. आधारवरची जन्मतारीख मात्र साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून घाईने काहीही लिहून देऊ नका.

आता घरातल्या वयाचे बोलू, कारण खरे दुखणे तिथे आहे.

आपल्याकडे बाईचे वय वर्षांवर ठरत नाही, नात्यावर ठरते. आई-बाप ऊसतोडीला जाणार, पोरगी एकटी मागे कशी ठेवायची, म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिचे लग्न लावून देतात. पस्तिशीत ती सासू होते, चाळिशीत आजी. एकदा आजी म्हटले की ती म्हातारी, आणि म्हातारी म्हटले की तिची कंबर दुखणारच, डोळ्यांना कमी दिसणारच, दम लागणारच. शहरात चाळीस वर्षांची बाई नोकरीत बढतीची वाट बघत असते. आपल्या घरात त्याच वयाच्या बाईला आपण मोडीत काढतो.

माझी सख्खी मावशी कोयत्यावर जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, अंगावर मुकादमाची उचल, एक दिवस आजारी पडले तर खाडा. पहाटे फडात जायचे, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची, रात्री कोपीत भाकरी थापायच्या. पाळीचा त्रास वाढला तशी ती एका खाजगी दवाखान्यात गेली. तिथे सांगितले, “पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. आता लेकरं झालीत, तिचा काय उपयोग?” घरातल्या सगळ्यांनीही तेच म्हटले. तेव्हा तिला छत्तिसावे वर्ष होते. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल घेतली. पुढे अंगाची आग, रात्रीची झोप गेली, कंबर आणि मणका दुखायला लागला. त्यावरही घरचे उत्तर ठरलेले होते, “वय झालं.”

वय झाले नव्हते. ते करण्यात आले होते.

आपल्या बीड जिल्ह्याची ही गोष्ट २०१९ साली सगळ्या देशाने वाचली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायांमागे एक. त्यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

पाळी आपोआप जाण्याचे वय साधारण ४५ ते ५० असते. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तोच बदल एका दिवसात अंगावर येतो. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याचा काळ लवकर येऊ शकतो. त्याने हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयाच्या आजाराचा धोका वाढतो. काही वेळा हे ऑपरेशन खरोखर गरजेचे असते, ते नाकारायचे नाही. पण ‘आता काय उपयोग’ हे ऑपरेशनचे कारण होऊ शकत नाही. बाईचे शरीर लेकरे होईपर्यंतच कामाचे, असे मानणारा विचारच त्यात आहे. डॉक्टरांनी तसे सांगितले तर सोनोग्राफीचा कागद हातात घ्या आणि सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. दोन दिवस थांबल्याने बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

काही जण म्हणतील, जन्म, जरा, व्याधी, मरण हे दुःख तथागतांनीच सांगितले आहे, मग म्हातारपणाचे एवढे काय घेऊन बसलात? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी एक साधा प्रश्न विचारला आहे. एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटते का? म्हातारपण सगळ्यांना ठाऊक असते. खरा प्रश्न हा आहे की त्यातले किती दुःख निसर्गाने दिले आणि किती माणसाने. निसर्गाचे ते सोसावे लागते, माणसाने दिलेले दूर करता येते.

तथागत ८० वर्षे जगले. शेवटच्या काळात आपल्या शरीराला त्यांनी दोऱ्या बांधून कसाबसा चालवलेल्या जुन्या गाड्याची उपमा दिली. बैलगाडीवर पोट असलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. गाडा जुना झाला म्हणून कोणी उकिरड्यावर टाकत नाही. आख बघतो, वंगण घालतो, दोरी बदलतो. बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखायचे, तरी ६५ व्या वर्षी त्यांनी धम्मदीक्षेचा सोहळा घडवला. आणि माता रमाई अवघ्या ३७ व्या वर्षी गेल्या. गरिबी आणि आजारपण माणसाचे किती आयुष्य खाते, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की मोठे वाढदिवस आपण जरूर करावेत. फ्लेक्स नको, होमहवन तर नकोच. प्रत्येक टप्प्याला एक काम जोडावे.

तिशी लागली की आरोग्य उपकेंद्रात बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करायची. तीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ती मोफत आहे, आशाताईंना विचारा. मिसरी, तंबाखू, गुटखा खाणाऱ्यांनी तर टाळूच नये.

चाळिशीला डोळे तपासायचे. आपल्या भाषेत चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, पण आपल्या किती बायांच्या नाकावर ती दिसते? सुईत दोरा जात नाही म्हणून गोधडी शिवणे सोडून देतात, चष्मा मागत नाहीत.

पन्नाशीला एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवायची. पाळी जाऊन वर्ष झाले आणि पुन्हा रक्त गेले, तर ते वयामुळे नाही. लगेच दाखवायचे, लाजायचे नाही.

६५ ला श्रावणबाळचा अर्ज आणि एसटीचे अर्धे तिकीट. ७० ला आयुष्मानचे कार्ड; २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. ७५ ला एसटी मोफत.

“हे सगळं खरं, पण वेळ कुठाय?” हा प्रश्न रास्त आहे. फडात असताना तपासणीला जायचे तर खाडा पडतो. पण जरा वर्षाचा हिशेब मांडून बघा. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात, दिवाळीच्या आगेमागे पुन्हा निघतात. मधले पावसाळ्याचे महिने आपण गावात असतो, आणि त्याच तीन महिन्यांत विहारात वर्षावास असतो. रोज संध्याकाळी वाचनाला बाया जमतातच. त्यातली एक संध्याकाळ आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टरला बोलवा. बीपीचे मशीन विहारात येऊ द्या. कोयता हातात घेण्याआधी स्वतःचे रक्त किती आहे, हे प्रत्येकीला कळू द्या.

आणि वर्षावासाच्या आधी येतो १ जून. गुरुजींनी आपल्या बाप-आज्यांना अंदाजाने दिलेली ती तारीख. ज्यांना स्वतःची तारीख नाही, त्या सगळ्यांचा वाढदिवस वस्तीने त्या दिवशी करावा. सकाळी सगळ्यांनी मिळून उपकेंद्रात जावे, संध्याकाळी विहारात खीर करावी, आणि त्या बायांना विचारावे, “माय, तुला यंदा कितवं लागलं?”

त्या मावशीला मी हे सांगितले. ती म्हणाली, “मग केकबी कापायचा का?” मी म्हटले, कापू. पण आधी साखर तपासू.

जयभीम.