उजवी वेगळी, डावी वेगळी
पावसाळा सरला की आमच्या सोसायटीतल्या निम्म्या मोटरसायकलींच्या ग्रिप चिकट झालेल्या असतात. तळव्याला काळं लागतं आणि मालकमंडळी फडकं गुंडाळून दिवस ढकलतात. वाचकहो, ग्रिप बदलणं हे घरीच करायचं काम आहे, त्यासाठी गॅरेजबाहेर अर्धा दिवस ताटकळणं मला साफ नामंजूर. जुनी ग्रिप ब्लेडने लांबीत चिरायची आणि केळ्याच्या सालीसारखी सोलून काढायची. उजवीकडे मात्र ब्लेड हलक्या हाताने चालवा, कारण खाली लोखंड नसतं, रेसची प्लास्टिकची नळी असते. बहुतेक गाड्यांचा हँडलबार टोकाला 22 मिलिमीटर जाडीचा. त्यावर ही नळी आली की जाडी वाढते, म्हणून जोडीतली उजवी ग्रिप आतून थोडी मोठी असते. ती डावीकडे चढवलीत तर नुसती गरागरा फिरेल. नवं रबर चढताना का-कू करतं, तेव्हा घरातलं कुणीतरी ज्येष्ठ खोबरेल तेलाची बाटली घेऊन हजर होतंच. त्यांना आदराने परत पाठवा. तेल आतच राहतं आणि ऐन खड्ड्यात ग्रिप हातात येते! स्पिरिट लावा, ग्रिप सरकन चढते, मग स्पिरिट उडून जातं. रात्रभर वाळू द्या. शेवटी इंजिन बंद ठेवून, हँडल दोन्ही बाजूंना वळवून रेस पिळून सोडा. ती आपोआप खटकन मागे यायला हवी. येत नसेल तर ग्रिप आतल्या बाजूला घासते आहे. जराशी बाहेर ओढा, आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.