शटर न पडणारे दुकान

बँकेत होतो तेव्हा काउंटरची वेळ संपली की शिपाई शटर अर्धे खाली ओढायचा. आत हिशेब जुळवणे चालू राही. पण ग्राहकाला कळे, आता घरी जायचे. परवा कॉलेजात शिकणारी माझी भाची म्हणाली, "मामा, रात्री दहाला फोन हातात घेते. आता पुरे, असं सांगणारं तिथे काही येतच नाही. एक वाजतो. वर मैत्रिणींचे फोटो बघून वाटतं, आपणच मागे पडलो."

तिला वाटते, दोष तिच्या मनोनिग्रहाचा. मला तसे वाटत नाही. आझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ मध्ये न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली. पुढे जाहीर खेदही व्यक्त केला. युक्ती मात्र टिकली, कारण या कंपन्या जाहिरातींवर जगतात. आपण जितके रेंगाळू, तितकी त्यांची कमाई. ठेव आपल्या वेळेची, व्याज त्यांना!

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांना बंदी केली. हेतू चांगला, पण सोळा पूर्ण होताच तेच दुकान, तसेच उघडे. भाची तर एकोणीस वर्षांची आहे. वयाबरोबरच कायद्याने त्या न संपणाऱ्या पानालाही हात घालायला हवा.

तोवर आमच्या घरी साडेदहाला सगळे फोन दिवाणखान्यातल्या कपाटात जातात. पहिल्या रात्री कपाटाकडे आधी वळला तो हात भाचीचा नव्हता, माझा होता.