गोळी दिली. माणूस कोण बघणार?

दर वर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो आणि सभागृहात तेच ते भाषण होतं. पेशंट गोळ्या मध्येच सोडतात. का सोडतात? अडाणी आहेत, अंधश्रद्धाळू आहेत, देवऋष्याकडे पळतात. मग टाळ्या. मग चहा-बिस्कीट.

मी ब्रदर. म्हणजे पुरुष परिचारक. मनोरुग्णांच्या वॉर्डात गोळ्या वाटतो, 'आ कर, जीभ वर कर' म्हणून तोंडं तपासतो. या अडाणीपणाच्या भाषणाचा हिशेब मला मांडायचाय. कारण ज्यांना अडाणी म्हणतात ती माझी माणसं आहेत.

आधीच सांगतो, गोळीशी माझं वैर नाही. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यानं लिथियमचा गुण दाखवला, १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन वेड्यांच्या वॉर्डात आलं. त्यानंतर कितीतरी माणसं कोठडीतून घरी आली. गोळ्या म्हणजे नुसतं विष, असं पोट भरल्यावर बोलणाऱ्यांशी माझं जमत नाही. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी खोपटाला आग लागली. आतली माणसं साखळीनं बांधलेली. २८ जण मेले. तिथं गोळी नव्हती, साखळी होती. गोळी पाहिजेच. पण गोळी घशाखाली गेली की शुश्रूषा संपत नाही, तिथून ती सुरू होते. आणि नेमकं तिथंच व्यवस्था पाठ फिरवते.

हॅलोपेरिडॉल घ्या. सुरू केल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत, त्यातही तरण्या पोरांत, कधी एकदम मान वाकडी होते. डोळे वर चढतात, जबडा अडकतो, जीभ बाहेर. घरचे म्हणतात अंगात आलं. शिकलेला म्हणतो नाटकं करतोय. प्रोमेथाझिनची एक सुई दिली की थोड्याच वेळात मान सरळ. उतरला देव! ही गोष्ट पोराच्या आईला आधी सांगायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. ती दोन मिनिटं तिला दिली नाहीत, म्हणून ती माउली पोराला घेऊन देवऋष्याच्या दारात गेली. मग अंधश्रद्धा कुणाची?

याच गोळ्यांनी काहींचे पाय ठरत नाहीत. बसवत नाही, झोपवत नाही, आतून किडे चालल्यासारखं होतं. माणूस रात्रभर वॉर्डात येरझारा घालतो. केसपेपरवर शेरा पडतो : पेशंट बेचैन, ऐकत नाही. डोस वाढवतात. डोस वाढला की येरझारा वाढतात. मग बांधा त्याला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ९७ सांगतं, शिक्षा म्हणून बांधायचं नाही, माणसं कमी आहेत एवढ्याच कारणावरून बांधायचं नाही. पण कलम कपाटात राहतं आणि पट्टे खाटेला असतात.

आता लिथियमचं. हे मिठाच्या कुळातलं औषध. रक्ताच्या रिपोर्टात ०.६ ते १.२ असेल तर औषध, १.५ च्या वर गेलं की विष. फरक एवढासाच. घामावाटे मीठ-पाणी गेलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि ते रक्तात चढत जातं. जुलाब, उलट्या झाल्या तरी तेच. कंबर दुखते म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफिनॅक घेतली तरीही तेच. पंख्याखाली बसणाऱ्याला हे औषध जितकं सोपं, तितकं उन्हातल्याला नाही.

एका वीटभट्टीवरचा गडी. मे महिना. वर्षभर लिथियमवर नीट होता, बायको-पोरं सांभाळत होता. उन्हात भट्टी भरली, पाठ धरली, दुकानदारानं दुखण्याच्या गोळ्या दिल्या. चार दिवसांनी उलट्या, हातांना मोठी थरथर, चालताना झोकांड्या, बोलणं जड. एका मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत नेलं तर दारातच निकाल लागला : पिऊन आलाय, बाजूला बसवा. कपडे बघितले, कातडी बघितली आणि निदान झालं! पोटात दारूचा थेंब नव्हता. बायको गोळ्यांचं पाकीट पुढं करत होती, कुणी बघेना. चार तासांनी कुणीतरी पाकीट वाचलं. वाचला गडी. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं, भरपूर द्रवपदार्थ घ्या. त्याला इंग्रजी येत नाही, आणि भट्टीवर पाणी मुकादमाच्या पिंपात. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलो म्हणून आमची डोकी फुटली. पाणी पी म्हणून सांगणाऱ्यानं पाणी कुठंय हेही विचारावं.

आणि वॉर्डात माणूस खरा बघतं कोण? राउंडवाले खाटेच्या पायथ्याशी उभे राहतात, कागद बघतात, पुढं जातात. अंग पुसतात मामा. भांडं उचलतात मावशी. चतुर्थ श्रेणी, आता तर तीही कंत्राटी, आणि बहुतेक आपलीच माणसं. एक मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, त्या कोपऱ्यातल्या बाईचं चार दिस झालं पोट साफ न्हाई बगा." ती बाई क्लोझापिनवर होती. क्लोझापिनमध्ये सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं, पांढऱ्या पेशी घटतात म्हणून. ते सगळ्यांना पाठ. पण या गोळीनं आतडी थंड पडतात, बद्धकोष्ठानं माणूस मरू शकतो, हे कोण विचारतं? शौचाची गोष्ट ती. सोवळ्याच्या तोंडात यायची कशी!

दुसऱ्या एका वॉर्डात चादर बदलताना मामाच्या हाताला लागलं, "अंग लाकूड झालंय, आन् तापलंय." ताप, ताठरलेलं अंग, भरकटलेलं बोलणं : तिन्ही एकत्र दिसली की मेंदूची ती गोळी थांबवायची आणि डॉक्टरला धावत आणायचं, नाहीतर माणूस जातो. मामाला हे कुणीही शिकवलेलं नव्हतं. त्याचे हात शिकले होते. तरी राउंडला मामानं तोंड उघडलं की ऐकावं लागतं, "तू तुझं काम कर." वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं ओता म्हणणारी शास्त्रं होती. आता शिसं लागत नाही. गोळीचं नाव इंग्रजीत ठेवलं की पुरतं.

१२ मेला वॉर्डात मेणबत्त्या लागतात, नाइटिंगेलबाईंच्या नावानं. लागू देत, बाई मोठी होती. पण प्लेगच्या साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारी आणि त्याच प्लेगनं १० मार्च १८९७ ला मेलेली सावित्रीबाई आमच्या शुश्रूषेच्या अभ्यासात मला कुठंही भेटली नाही.

मला हवंय ते फार नाही. मामा-मावशींना कायम करा आणि प्रत्येक गोळीची धोक्याची लक्षणं त्यांना मराठीत शिकवा. त्यांनी सांगितलेलं केसपेपरवर चढवा, कुणी सांगितलं त्या नावासकट. उन्हाळ्यात लिथियमवाल्या मजुराचं रक्त वेळेवर तपासा, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी.

आणि वस्तीतल्या बायाबापड्यांनो, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. पण ओपीडीत मुकाट उभंही राहू नका. विचारा : ही गोळी कशाची? काय झालं तर धावत यायचं? रक्त कधी? उन्हात काम केलं तर चालेल का? दुखण्याची कोणती गोळी घ्यायची नाही? कलम २२ प्रमाणे औषधाचे त्रास तुम्हाला कळतील अशा भाषेत सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. "गर्दी आहे, पुढं चला" म्हणाले तर कलमाचा आकडा सांगा आणि खिडकीवरून हलू नका. मागच्यांनाही सांगा, थांबा जरा, तुमच्याच कामाचं विचारतोय.