गौरव कोणाचा?

मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरांतील लवासा नगरीच्या आराखड्याला अमेरिकेतील भूदृश्यरचनाकारांच्या संस्थेने २००५ साली पुरस्कार दिला. २०१० साली केंद्रीय पर्यावरण खात्याने तेथील काम थांबवण्याची नोटीस काढली. गौरव कागदावरील रेषांचा झाला. घाव मात्र डोंगराने सोसले! भोर-वेल्ह्याच्या उतारांवर बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या भातखाचरे रचणारा शेतकरीही भूमीचा रचनाकारच. तो माती धरतो, पाणी अडवतो. त्याला ना मानधन, ना मानपत्र. भूदृश्यरचना हा थोर व्यवसाय खरा. परंतु पैसे मोजणाऱ्या धनिकाआधी त्याने उतारावर राहणाऱ्यांचे उत्तरदायित्व मानले पाहिजे. आराखड्यावर पहिली संमती ग्रामसभेची असावी. पुरस्काराचा विचार दहा पावसाळे गेल्यावर, माती जागेवर असेल तरच करावा.